दादाचं बोट

दादाच्या डाव्या हाताची तर्जनी मुळापासून नाही. कुणी विचारलं की तो म्हणतो, "मशीननं खाल्ली," आणि हसतो. मला त्या हसण्याचा राग येतो. मशीननं खाल्ली हे अर्धंच खरं आहे.

आम्ही उमेळे गावचे वाडीवाले, बागायतीवर जगणारे. वाडी गेली, म्हणजे आम्हीच विकली, आणि आम्ही दोघं भाऊ रंगकामात शिरलो. ब्रश आणि रोलर मारण्यात बरीच वर्षं काढली. मग मी हट्टानं एअरलेस मशीन आणलं. ते डब्यातला रंग ओढून पाइपाच्या टोकाला लावलेल्या गनमधून इतक्या जोरात फेकतं की दोन दिवसांचं छत दुपारपर्यंत होतं. दादाला ते कधीच आवडलं नाही. त्याचा आवाजच नको वाटतो म्हणायचा. मी त्याला म्हातारा म्हणून चिडवायचो.

दुकानातल्या माणसानं मशीन देताना सगळं नीट सांगितलं होतं. मोटर बंद केली तरी पाइपात दाब तसाच राहतो. आधी ट्रिगरला लॉक लावायचं, मग दाब सोडायचा नॉब फिरवायचा, मग गन बादलीत धरून उरलासुरला रंग काढायचा, पुन्हा लॉक, आणि मगच टीपेला, म्हणजे गनच्या टोकाला हात. बोट टोकापर्यंत पोचू नये म्हणून टीपेपुढे असलेला गार्ड कधीच काढायचा नाही. "आणि सुईएवढं जरी लागलं तरी सरळ मोठ्या हॉस्पिटलात जा, तिथल्या तिथं," तो म्हणाला. मी मान डोलावली. माझं सगळं लक्ष नव्या मशीनच्या चकाकीकडे होतं. पुढे गार्डवर रंग साचून थेंब गळायला लागले, तेव्हा तो मीच काढून टाकला.

त्या दिवशी आम्ही एव्हरशाईन सिटीत एका मोठ्या हॉलचं छत करत होतो. अकराच्या सुमारास टीप तुंबली. दादानं मोटर बंद केली, पण दाब सोडला नाही, आणि डाव्या बोटानं टोक पुसलं. आम्ही दोघंही रोज तसंच पुसायचो. त्या दिवशी उजव्या हातातला ट्रिगर जरासा दाबला गेला. फट् असा आवाज आला, बस.

त्यानं मला बोट दाखवलं. पेरावर एक बारीक टिंब होतं, रक्ताचा थेंबसुद्धा नाही. लिंबाचे, शिंदीचे काटे टोचून घेतच आम्ही मोठे झालेलो. काटा लागला की चुना लावायचा आणि कामाला लागायचं, हे आमच्या अंगात मुरलेलं. मी म्हणालो, "काट्याएवढं तर आहे. चुना लाव आणि छत पुरं कर. मध्येच थांबलो तर जोड दिसेल."

त्या क्षणी मला दुकानातल्या माणसाचं बोलणं आठवलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला आठवलं होतं, आणि छत अर्धं व्हायचं होतं.

दादानं तंबाखूच्या डबीतला चुना लावला आणि छत पुरं केलं. जोड कुठंच दिसला नाही.

संध्याकाळी बोट सुजलं. सकाळी ते काळंनिळं, गार पडलेलं, आणि तळहात फुगलेला. डॉक्टर म्हणाले की रंग आत तळहातापर्यंत चढलाय. काल लगेच आला असतात तर बोट कदाचित वाचलं असतं. त्या 'कदाचित'ला मी अजून धरून बसलोय, पण त्यानं काही हलकं वाटत नाही.

आता साइटवर कुणी गार्डशिवाय गन उचलली की माझं डोकं फिरतं. दाब न सोडता टीपेला हात लावणाऱ्या एका कामगाराला मी सगळ्यांसमोर शिव्या घातल्या. लोक म्हणतात, भावाचं तसं झालं म्हणून बिचारा एवढा जपतो.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी वहिनी खाटेजवळ बसली होती. तिनं मला सरळ विचारलं, "भाऊजी, तुम्ही तिथंच होतात ना? ह्यांनी तुम्हाला दाखवलं नाही?"

मी तोंड उघडायच्या आत दादा बोलला, "त्याला काय माहीत? मीच लपवलं. कळलं असतं तर त्यानं मला उचलून आणलं असतं इथं."

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मी दादाच्या बोलण्याला मान डोलावली.

तेव्हापासून ती दादालाच बोलते. एवढा सख्खा भाऊ शेजारी उभा होता, त्याला एक शब्द सांगता आला नाही का तुम्हाला, असं अजूनही अधूनमधून ऐकवते. दादा खाली बघून ऐकून घेतो. मी समोर बसलेला असतो, तिच्या हातचा चहा पीत.