उस्ताद आणि टाचणी

गॅरेजवाल्याला गिऱ्हाइकं उस्ताद म्हणत आणि त्या शहाण्याला ते खरं वाटे! धाकट्या मेहुण्याने आपल्या जीपसाठी बाहेरच्या कंपनीचे हब, बेअरिंग आणि चाकाचा वेग ब्रेकला कळवणारा सेन्सर आणले. दुपारी डोंगरातल्या शर्यतीसाठी जीपची तपासणी होती.

"भावजी, या कागदात लिहिलंय, बेअरिंगची एक बाजू चुंबकाची असते. टाचणी चिकटेल ती बाजू सेन्सरकडे ठेवा."

"कागद वाचूनच जोडायची तर मास्तरांना बोलव की!" उस्ताद खेकसला. दणादण बेअरिंग ठोकून त्याने चाक चढवलं आणि चक्कर मारली, तर ब्रेकचा पिवळा दिवा डोळे वटारून बसलेला. दिवा जळता असेल तर जीप शर्यतीतून बाद.

"सेन्सरच भंगार आणलास, गाढवा!"

उस्तादाची बायको भावाचा पडलेला चेहरा बघत होती. तिने नवऱ्याला चाक उतरवायला लावलं, कागदाची टाचणी काढून बेअरिंगच्या सेन्सरकडच्या बाजूला लावली. टाचणी टपकन खाली पडली.

"आता हे बेअरिंग उपटलं की मोडीतच," उस्ताद पुटपुटला. "दुसरं कुठून आणायचं?"

मेहुण्याने जीपच्या सीटखालून बेअरिंगचं नवं खोकं काढलं. "दोन आणलीत, भावजी. तुम्हाला काय आज ओळखतो?"

उस्तादाने दोघांकडे पाठ फिरवली आणि गुपचूप टाचणी उचलली.