ताळा करताना

मी वाचायला शिकले ती युनियनच्या पत्रकांवर. बाबा अंबरनाथ एमआयडीसीत केमिकल कंपनीत, आई तिथेच पॅकिंगला, आणि आमच्या घरात गादीखाली कायम उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा. गेल्या वर्षी पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा माझी छाती फुगली होती.

मागणी साधी होती. पॅकिंगच्या बायकांना वेगळं बाथरूम हवं होतं. साहेबांचं उत्तर ठरलेलं : "ही कंपनीची आतली बाब आहे." आणि आमच्यातलेच काही जण कुरकुरत होते, "सभेला बायका येतात तरी किती?" शनिवारी बुवापाड्यातल्या सभेला किती आल्या, ते कुणी मोजलंच नव्हतं. हजेरी आम्ही मुद्दाम घेत नाही. कागद साहेबांच्या हाती पडला तर पंचाईत. आकडा मिळाला नाही तर मागणी पत्रकातून वगळायची, असं ठरलं होतं. तिकडे कॅम्प दोनचा छापखानेवाला बाबांना सारखा फोन करत होता, "भाऊ, मॅटर भेजो, मशीन खाली है."

"डिशा साठ लागल्या, वडे शंभर," बाबा म्हणाले. "उरलं काहीच नाही. पुरुषांना दोन-दोन, बायकांना एक-एक. एवढ्यावरून निघेल?"

"दहावीचं गणित आहे, बाबा."

पुरुष क्ष धरले. मग बायका साठ वजा क्ष. पुरुषांचे वडे दोन क्ष, बायकांचे साठ वजा क्ष, मिळून शंभर. म्हणजे क्ष अधिक साठ बरोबर शंभर. क्ष चाळीस, बायका वीस.

"तिसरा हिस्सा! आता कुरकुरा म्हणावं."

बाबांनी टाळी दिली.

"ताळा करून बघ," आई भाजी निवडत म्हणाली.

मी मोठ्याने वाचू लागले. "चाळीस पुरुष, दोन-दोन वडे, ऐंशी. वीस बायका, एक-एक..."

कागदाच्या वरच्या अंगाला माझ्या अक्षरात 'समान काम, समान दाम' होतं. खाली त्याच अक्षरात पुरुषापुढे दोन, बाईपुढे एक. आणि गणित सोडवताना मला ती नुसती दिलेली माहिती वाटली होती.

"बाबा, बायकांना एकच का?"

"अगं, बायका कमीच खातात."

"मी शिफ्टवरून तशीच आले होते," आई म्हणाली. "पोटात कावळे ओरडत होते."

"मग दुसरा मागायचास ना!" मी म्हटलं.

"कसा मागणार? तुझे बाबा माईकवर समानता सांगत होते."

मी पेन उचललं. "हेही लिहिते."

"वेड लागलंय का? ही आपली आतली बाब आहे."

साहेबांचं वाक्य, जवळजवळ शब्द न् शब्द, माझ्या बाबांच्या तोंडून! त्यांनाही ते ऐकू आलं असावं. ते उठले आणि उगाचच माठातलं पाणी प्यायले.

मी लिहिलं : 'सभेला वीस बायका होत्या. त्यांना बाथरूम हवं. आणि पुढच्या सभेपासून वडेही सारखेच हवेत.' मॅटर पाठवून दिलं.

थोड्या वेळाने बाबांचा फोन वाजला. "भाऊ, एक लाइन ज़्यादा हो रही है. वो वडेवाली निकाल दूँ?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, आईकडे पाहिलं. ती खाली मान घालून मेथी खुडत होती.

"अक्षर छोटा करो," बाबा म्हणाले. "लाइन रहने दो."