नेच्याची राख आणि मोठ्या बाईंचा चषक

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. विज्ञानाच्या बाईंनी तशी शपथच घातलीय. पण सगळी शाळा मला ‘घासणी’ म्हणायला लागल्यावर मी एकटीनंच का गप्प बसायचं? म्हणे माझा घोळ! तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

आमच्या निपाणीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. पहिला नंबर येईल त्याला चिकोडीच्या मोठ्या प्रदर्शनाला पाठवणार होते. मी वर्गात हजेरीसुद्धा कुजबुजत देते, पण चिकोडीला मला जायचंच होतं! म्हणून गुंजी गावच्या मावशीकडून पिशवीभर नेचे आणले. नेच्याचं पान बोटानं उलटं घासलं की खरखरतं. का? त्याच्या पेशीभित्तिकेत पॉलिसॅकराइड असतात, म्हणजे साखरेच्या लांबच लांब साखळ्या, आणि त्यांच्यात सिलिका बसलेली असते. वाळूत असते तीच! पान जाळलं की साखळ्या जळून जातात, सिलिका राखेत उरते. ती राख मी कॉफीच्या रिकाम्या बाटलीत भरली. आईनं ती स्वयंपाकघरातून हुसकावली, म्हणून न्हाणीतल्या फळीवर तिच्या तसल्याच बाटल्यांशेजारी ठेवली.

परीक्षक सर आले. “साखर हाय म्हणतीस, मग नेचा गोड का लागत न्हाय गं?”

“सर, साखळीत बांधलेली साखर गोड लागत नाही,” मी म्हणाले. बहुतेक मलाच ऐकू आलं.

“काय म्हणाली?”

“राखेनं घासून दाखवते म्हणतीय!” विज्ञानाच्या बाई मध्येच म्हणाल्या. मी असं म्हटलंच नव्हतं! आणि त्यांनी घासायला दिलं काय? टेबलावरचा फिरता चषक! “लई काळा पडलाय. घास.”

मी घासला. बाईंना नाही म्हणता येतं का? चषक असा लखलखला की सरांनी टाळ्या वाजवून पहिला नंबर मलाच देऊन टाकला. मग मी जरा जोर लावला. चांदीचा मुलामा गेला, खालचं पितळ दिसलं, आणि मुलाम्याबरोबर एक नावही गेलं. नेमकं मोठ्या बाईंच्या वडिलांचं! चषक त्यांच्याच स्मरणार्थ होता.

“कुणी सांगितलं हे घासायला?” मोठ्या बाई कडाडल्या.

मी विज्ञानाच्या बाईंकडं बघितलं. त्या पंख्याकडं बघत होत्या.

“चिकोडी रद्द!”

असला राग आला! प्रयोग फसला असता तर रद्द करा की. माझा तर गरजेपेक्षा जास्त यशस्वी झाला होता! घरी येऊन मी दोन पानी अर्ज लिहिला. ‘हा परिणाम केवळ नेच्यातल्या सिलिकेचा आहे, दुसऱ्या कशाचाही नाही. याची संपूर्ण जबाबदारी माझी.’ आज सकाळी तो मोठ्या बाईंसमोर उभी राहून वाचला. आयुष्यात पहिल्यांदाच माझा आवाज बाहेरच्या शिपायालाही ऐकू गेला.

मोठ्या बाईंनी अर्ज हातात घेऊन पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, “जा चिकोडीला. पण तिथं आधी हा अर्ज वाचायचा. सगळ्यांसमोर, मोठ्यानं.”

वाचणारच! मला घासणी म्हणणाऱ्यांनी पहिल्या रांगेत बसून ऐकावं. विज्ञानात पुराव्याला किंमत असते, आणि माझा पुरावा तर...

“पल्लू! ए पल्लू, हिकडं ये आधी! तुझी नेच्याची राख हितंच न्हाणीत हाय की गं, झाकणसुद्धा उघडलेलं न्हाय! मग माझी हंडा घासायची, विटेचा चुरा घातलेली राख कुठं न्हेलीस?”