आत्याचा प्लेअर आणि माझं प्रशिक्षण

जानेफळच्या शाळेत मी मराठी शिकवतो. पण कधीकाळी तीन दिवसांचं संगणक प्रशिक्षण घेतल्यामुळे शाळेत आणि नातेवाइकांत मी तज्ज्ञ समजला जातो. हा गैरसमज दूर करावा, असं मला कधी वाटलं नाही.

म्हणूनच मेहकरची आत्या तिचा छोटा म्युझिक प्लेअर घेऊन थेट शाळेत आली. विहारात तिच्या मैत्रिणी गाणी म्हणत आणि आत्या ती त्यातच रेकॉर्ड करी. आता जागा संपली होती.

“हे गाणे कॉम्प्युटरात ठेव अन् मले डबी खाली करून दे,” ती म्हणाली.

मी प्लेअर जोडला. ‘उपकरण ओळखता आले नाही,’ असं संगणकानं सांगितलं. वायर बदलली, भोक बदललं, फुंकर मारली. उत्तर तेच.

“काऊन रे, ओळखत नाही का तो?”

“ड्रायव्हरचा प्रश्न आहे,” मी गंभीरपणे म्हणालो. मग मोबाइलवर उपाय शोधला : संगणकाच्या यादीतले यूएसबीची उपकरणं चालवणारे सगळे ड्रायव्हर काढून टाका. पुढची ओळ जाहिरातीखाली झाकली होती. प्रशिक्षित माणसाला तिची गरज नव्हती.

मी एकेक ड्रायव्हर काढत गेलो. शेवटचा काढला आणि माउसचा लाल दिवा विझला. कीबोर्डही मुका झाला. दोन्ही यूएसबीवरच चालतात, हे मला तेव्हा कळलं.

नेमके मुख्याध्यापक आले. विद्यार्थ्यांची ऑनलाइन माहिती संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. ती अर्धवट भरलेली पडद्यावर दिसत होती, पण तिला हात लावता येत नव्हता.

“काय चाललंय, सर?”

“अंतर्गत तपासणी सुरू आहे.”

“म्हंजे बंद पडलं,” दारातून आमचे शिपाईमामा म्हणाले. पंखा असो की पाण्याची मोटर, त्यांचा इलाज एकच. मी “थांबा, थांबा” म्हणेपर्यंत त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि पुन्हा चालू केलं.

संगणक सावकाश उठला. माउसचा दिवा लागला. काढलेले सगळे ड्रायव्हर त्यानं स्वतःच परत बसवले आणि आत्याचा प्लेअरही पडद्यावर हजर झाला. जाहिरातीखालची ओळ मी आता वाचली : ‘नंतर संगणक बंद करून सुरू करा.’

“प्रशिक्षणाचा फायदा होतो बघा,” मुख्याध्यापक म्हणाले. मी मान डोलावली. शिपाईमामांकडे मात्र पाहवलं नाही. भरलेली माहिती उडाली होती, ती नंतर मलाच पुन्हा भरावी लागली.

मुख्याध्यापकांनी कुतूहलानं प्लेअरमधली एक फाइल उघडली. बायका फार सुरेख गात होत्या. गाणं संपलं, पण रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. कुणीतरी विचारत होतं, “भरलं तं खाली कोन करन?” त्यावर आत्याचा आवाज : “माहा भाचा हाय ना. त्याले येते का नाही, मालूम नाही. पन नाही म्हनत नाही बिचारा.”

मुख्याध्यापकांनी आवाज वाढवला आणि तेवढा भाग पुन्हा लावला.