नवमीच्या पूजेतली रायफल

ज्याच्यापुढे आपण डोकं टेकवतो, ते आतून कसं चालतं हे विचारायला आपण एवढे का घाबरतो?

मी हे विचारत असे आणि घरात बोलणी खात असे. अंबरनाथला बुवापाड्यात आम्ही राहायचो. वडील कारखान्यात होते. गेटवर वाटलेली पत्रकं ते खिशात घालून आणायचे आणि ती सगळ्यांच्या आधी मी वाचायची. वाचून झालं की मला एका जागी बसवत नसे. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी आणि जिभेला धार."

मामा बदलापूरला, शिरगावात भात लावायचा. डुकरं शेतात शिरत म्हणून त्याच्याकडे परवान्याची एक जुनी रायफल होती. दस्त्याजवळ, चापाभोवती लोखंडी कडी. ती खाली ओढायची, वर घ्यायची, की पुढची गोळी तयार. एका वर्षी पावसाळा सरता सरता कडी अडकू लागली, तेव्हा मामा रायफल गोणपाटात गुंडाळून उल्हासनगरच्या कॅम्पात निघाला. मी हट्टानं बरोबर गेले.

तिथला सिंधी मिस्त्री फाळणीआधी बंदुका दुरुस्त करायचा; आता मुख्यतः स्टोव्ह आणि शिलाई मशीन. त्यानं रायफलीच्या बाजूचा पत्रा काढला आणि मोठ्यानं हसला.

"साईं, ये बंदूक है या देवघर? पेट में हलदी, कुंकू, चावल! इसको नैवेद्य भी खिलाते हो क्या?"

"दर नवमीला पूजा करतो आम्ही," मामा फुगून म्हणाला. "शस्त्राला तेल-कुंकू लावायलाच पाहिजे."

"बाहर लगाओ ना, साईं. अंदर क्यों भरते हो?"

खरंच, आत तेलाचा चिकट लगदा झाला होता आणि त्यात अक्षता रुतल्या होत्या. मिस्त्रीनं तो रॉकेलनं धुऊन काढला. मग लाकडाची खोटी काडतुसं भरून माझ्याकडे पाहिलं. "देख बेटा, तेरी आँखें कब से पूछ रही हैं."

नळीच्या खाली दुसरी बारीक नळी होती. त्यात काडतुसं एकामागे एक झोपलेली, पुढच्या टोकाकडून स्प्रिंग त्यांना मागे ढकलणारी. कडी खाली जाऊ लागली की वरच्या नळीमागचा लोखंडी खटका मागे सरकतो, जुनं टरफल ओढून बाहेर फेकतो आणि मागचा घोडा ताणून ठेवतो. कडी पार खाली गेली की एक छोटा पाळणा नवं काडतूस वर उचलतो. कडी वर घेतली की तोच खटका पुढे येऊन ते वरच्या नळीत कोंबतो आणि मागून दार बंद करतो. मी तीनचारदा करून पाहिलं. काडतूस आत बसताना कडी जराशी जड होते आणि रिकाम्या आवाजाऐवजी दबका आवाज येतो. तो आवाज माझ्या कानात राहिला.

खंडेनवमीला आम्ही शिरगावात होतो. सारवलेल्या जमिनीवर नांगराचा फाळ, कोयते, विळे मांडलेले. मामानं रायफल आणली. आदल्याच आठवड्यात तो डुकरांच्या मागे हिंडला होता. त्यानं कडी अर्धी ओढली, वाकून आत पाहिलं, "रिकामी," म्हणाला. मग नेहमीच्या ऐटीत ती पार खाली ओढून खाडकन वर घेतली, घोडा अंगठ्यानं हळूच खाली सोडला आणि रायफल आडवी ठेवली. तोंड आमच्याकडे, जिथून आम्ही नमस्काराला वाकणार तिकडे.

आवाज दबका आला होता.

"मामा, आत काडतूस आहे."

"मी बघितलं ना गो."

"तू अर्ध्यावर बघितलंस. नंतर पाळण्यानं उचललं असेल."

"पाळणा!" मामा हसला. "बघा, भाचीला बारशाचीच घाई."

मामी हातात निरांजन घेऊन आली. फुलं वाहिली गेली. मी पुन्हा म्हणाले, तर मामा तडकला. "पूजेतलं शस्त्र दसऱ्यापर्यंत हलवायचं नाय. आन बायकांनी तर हातच लावायचा नाय. तुझी पत्रकं तुझ्या घरी वाच."

मला वाटलं, चुकले असेन तर जन्मभर टोमणे ऐकेन. तेवढ्यात मामाची सहा वर्षांची मुलगी झेंडूचं फूल घेऊन गुडघ्यांवर बसली. तिचं कपाळ नळीसमोर वाकत होतं. मी तिला दंडाला धरून मागे ओढलं, रायफल उचलली, फुलं सांडत मागच्या दारी गेले. नळी बांधाच्या मातीकडे केली, बोट चापापासून लांब ठेवलं आणि कडी पार खाली ओढली. पितळी काडतूस उडून अंगणात पडलं. कडी वर, पुन्हा खाली. दुसरं पडलं. त्यानंतर काही पडेना, तरी मी ओढत राहिले. शेवटी करंगळी घालून काडतुसाचं घर चाचपलं.

मुलगी रडत होती. मामा काडतुसांकडे पाहत उभा होता. "नवमी मोडलीस," एवढंच म्हणाला. चुकलो असं तो कधीच म्हणाला नाही. मी रायफल परत ठेवली, तेव्हा मामीनं नळीचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि सांडलेली फुलं वेचायला बसली.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दोन तास बांधावर फेऱ्या मारल्या. श्रद्धेशी माझं भांडण नव्हतं. अर्धवट पाहून "रिकामी" म्हणण्याशी होतं, आणि अजून आहे.

तुमच्या घरी किंवा शेजारी अशी जुनी रायफल पूजेत मांडत असतील, तर एवढं करा. मांडण्याआधी, जाणत्या माणसाच्या हातून, घराबाहेर, मातीकडे तोंड करून, काही पडायचं थांबेपर्यंत आणि त्यानंतरही कडी चालवून घ्या. आत डोळ्यांनी पाहा, बोटानं चाचपा. तोंड भिंतीकडे ठेवा. कोणी म्हणालं की पूजा मोडते, तर खुशाल मोडू द्या.