पाहिलं, वाचलं, का वाटलं?

"पाहिलंस, वाचलंस, का वाटलं?" आमच्या भूल देणाऱ्या मॅडम असं विचारायच्या आणि विचारताना चष्मा कपाळावर सरकवायच्या. चष्मा नाकावर असेपर्यंत भीती नसायची. कपाळावर चढला की समजायचं, आता आपली खैर नाही.

मी तेव्हा ऑपरेशन थिएटरमधली नवी सिस्टर. कॉलेजात वक्तृत्वाची ढाल मिळवलेली, त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी पक्की खात्री. टोपीला खळ कडक आणि टोपीखाली हवा. एका सकाळी टेबलावर एक आडमाप गृहस्थ होते. पायाचं ऑपरेशन, कमरेखालची भूल. डोळे मिटलेले. मी दुसऱ्या सिस्टरला म्हणाले, "ही म्हैस टेबलावर चढवायला क्रेनच मागवायला हवी होती बाई."

चादरीआडून आवाज आला, "म्हैस न्हाय ओ सिस्टर, पावणं हाय मी. आन् समदं ऐकतोय."

सगळं थिएटर हसलं. मॅडम हसल्या नाहीत. चष्मा वर गेला. "झोपलेत हे तू पाहिलंस, वाचलंस, का वाटलं?"

"वाटलं, मॅडम."

"मग वाटलं म्हण की. वाटण्यात गुन्हा नाही. वाटलेलं पाहिलं म्हणून वापरू नये, एवढंच."

"बरोबर हाय," चादरीआडून पाठिंबा आला.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापुढे थाप मारताना जीभ अडखळते. मॅडम तशा होत्या. रागवायच्या नाहीत, फक्त चष्मा वर करून थांबायच्या. त्या थांबण्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

आम्ही दोघी रिटायर झालो आणि योगायोगानं एकाच गल्लीत राहायला आलो. संध्याकाळी त्यांच्या गॅलरीत चहा ठरलेला. एकदा कप खाली ठेवून म्हणाल्या, "आयुष्यभर माणसं झोपवली गं. ती कुठं जातात आणि परत कशी येतात, ते मात्र कळलं नाही. आता तरी विचारू या."

"कुणाला?"

"ज्याला प्रश्न पडलाय त्याला."

त्यातून व्हॉट्सअॅपचा 'जाणीव' नावाचा ग्रुप निघाला. माणूस शुद्धीवर असतो म्हणजे नेमकं काय, मेंदूत काय चालतं, जनावराला कळतं का, यंत्राला कळेल का, यावर विज्ञान काय म्हणतं ते बोलायचं. डॉक्टर आले, गडहिंग्लजचे एक निवृत्त गुरुजी आले, कागलच्या एमआयडीसीतले एक इंजिनिअरसाहेब आले. मी तर आलेच.

पहिल्या महिन्यात जाणिवेवर कमी आणि एकमेकांच्या अकलेवर जास्त बोलणं झालं. गुरुजी रोज पहाटे आत्म्याचा एक फॉरवर्ड टाकायचे. इंजिनिअरसाहेब त्याखाली लिहायचे, "मेंदू म्हणजे वायरिंग. फ्यूज गेला की अंधार. विषय संपला." मग मी लिहायचे, "साहेबांचा फ्यूज कधी गेला?" माझ्या या वाक्याला नऊ जणांनी हसरे चेहरे दिले आणि सत्तरीतल्या मला पुन्हा ती ढाल मिळाल्यासारखं वाटलं. थिएटरमध्ये वेड्यासारखी बोलणारी ती पोरगी कुठं गेली म्हणून विचाराल, तर कुठंही नाही. तिनं फक्त टोपी काढली होती.

आणि एका दुपारी हुपरीहून एक मेसेज आला. चांदीचे पैंजण करणारा माणूस. कुणाच्या तरी ओळखीनं ग्रुपात आलेला, आजवर एक शब्द न लिहिलेला. त्यानं लिहिलं होतं:

"माझी बायको गाडीवरनं पडली. डोळं उघडं असत्यात, पण बघत न्हाय, बोलत न्हाय. डॉक्टर म्हणत्यात असंच राहील. मी रोज काम झालं की तिच्याजवळ बसून बोलतो. घरातली म्हणत्यात, भिताडाशी बोलतूस. तिला कळतं का? तुमी शिकलेली मानसं हाय, सांगा."

तुम्हीच सांगा, यावर माणसानं काय करावं? थोडं थांबावं. आम्ही थांबलो नाही. गुरुजींनी चमत्काराचा व्हिडिओ टाकला. इंजिनिअरसाहेबांनी लिहिलं, "फ्यूज गेलाय भाऊ. दगडाशी बोलून काय मिळणार?" मी साहेबांवर तुटून पडले. साहेब माझ्यावर. गुरुजी आम्हा दोघांवर. चहा गार झाला तरी माझा अंगठा थांबेना.

या सगळ्या चिखलात हुपरीचा दुसरा मेसेज आला. "कळलं. आजपासनं बोलायचं बंद करतो."

तो वाचून मी मोबाइल पालथा ठेवला. परत उचलला तेव्हा ग्रुप बंद होता. फक्त अॅडमिनच लिहू शकेल अशी कळ मॅडमनी दाबली होती. खाली त्यांचा आवाज होता. भूल देताना पेशंटच्या कानाशी बोलायच्या तोच, सावकाश.

"हुपरीचे दादा, एक दिवस थांबा. आज रोजच्यासारखं बोला. बाकीच्यांनी ऐका. इथून पुढं प्रत्येक मेसेजच्या आधी लिहायचं, पाहिलं, वाचलं, का वाटलं. वाटलेल्याला कुणी खोडायचं नाही, पण ते पुरावा म्हणून कुणाच्या डोक्यात घालायचंही नाही. ज्याचं खोडायचंय त्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं. तो 'व्हय' म्हणेपर्यंत आपलं सुरू करायचं नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, ते पण उत्तरच असतं. आणि ज्याच्या घरात हा प्रश्न खाटेवर पडलाय, तो माणूस आपल्यात बसलाय असं धरून प्रत्येक शब्द लिहायचा. सिस्टर, सुरुवात तू कर. इंजिनिअरसाहेबांचं म्हणणं मांड."

ग्रुप पुन्हा सगळ्यांना खुला झाला. भर वर्गात अंगठे धरायला लावल्यासारखं झालं. मी लिहिलं, "साहेब म्हणतात की माणूस म्हणजे मिक्सर."

"असं म्हणालो न्हाय."

"साहेब म्हणतात की आजारी माणसाकडं लक्ष देऊ नये."

"असं तर अजिबात म्हणालो न्हाय."

तिसऱ्या खेपेला मी त्यांचे जुने मेसेज पहिल्यापासून वाचले. इतके दिवस उत्तर द्यायला वाचले होते, आता वाचायला वाचले. मग लिहिलं, "साहेबांना वाटतं की खोटी आशा दिली की माणूस दोनदा मोडतो."

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "व्हय." आणि त्याखाली, "आमच्या वडलांच्या वेळी कुणी खरं सांगितलं न्हवतं."



दुसऱ्या दिवशी साहेबांनी हुपरीच्या दादांचं म्हणणं मांडलं. "दादांना ती बरी होणार का हे विचारायचं न्हाय. आपलं बोलणं तिच्यापर्यंत पोचतं का, एवढंच विचारायचंय." दादांनी व्हय म्हटलं. मग साहेबांनी लिहिलं, "वाचलं: बाहेरनं काही हालचाल नसली तरी अशा काही पेशंटांच्या मेंदूत बोलण्याला प्रतिसाद दिसलाय. सगळ्यांच्या न्हाय. तुमच्या मिसेसचं मला माहीत न्हाय."

"म्हणजे बोलू का?"

साहेबांनी लिहिलं, "बोला की."

संध्याकाळी चहाला गेले तर मॅडमचा चष्मा नाकावर होता आणि डोळे पुसून लाल झाले होते. "कांदा चिरत होते," म्हणाल्या. मी विचारलं, "पाहिलं, वाचलं, का वाटलं समजू?" तर मला चमचा फेकून मारला.

हुपरीच्या वहिनी उठून बसल्या का, असं तुम्ही विचाराल. नाही. पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. दादांनी ग्रुपात कळवलं, "पाहिलं: सकाळी गेली. शेवटच्या दिवसापतोर बोलत हुतो. नवीन घुंगरांचा आवाज पण ऐकवला." गुरुजींनीसुद्धा त्या दिवशी फॉरवर्ड टाकला नाही.

नियम असे अंगात मुरले की आमच्या घरी जेवताना सूनबाई म्हणते, "आमटीत मीठ कमी हाय, असं तुम्हाला वाटलं का सासूबाई?" मी चाखायच्या आधीच! या वयात माझी उलटतपासणी मॅडममुळे सुरू झाली.

या पावसाळ्यात मॅडमच्या मेंदूत रक्तस्राव झाला. दवाखान्यातून घरी आणलं, पण परत आल्या त्या फक्त दिसायला. डोळे उघडे, नजर कुठंच नाही. ज्यांनी एवढ्या माणसांना झोपवून हाका मारून उठवलं, त्यांना मी रोज हाका मारत बसायचे. ग्रुपातलं सगळं वाचून दाखवायचे. कुणी कुणाचं म्हणणं नीट मांडलं, कुणी पहिल्याच दमात 'व्हय' मिळवलं.

एका सकाळी मी उशाचा चष्मा घेतला आणि त्यांच्या कपाळावर ठेवला. आपल्या जागी बसल्यासारखा बसला. मग मी त्यांना म्हशीची गोष्ट सांगितली, अगदी आवाज काढून. "म्हैस न्हाय ओ सिस्टर, पावणं हाय मी" इथं आले आणि चष्मा हलला. कपाळावर आठी पडून हलावा तसा. किंवा उशी दबून घसरावा तसा.

त्यानंतर चारच दिवसांत मॅडम गेल्या.

ग्रुपात सगळ्यांनी दोन दोन ओळी लिहिल्या. शेवटी हुपरीच्या दादांनी विचारलं, "सिस्टर, तुमी जवळ हुता. मॅडमना कळत हुतं का?"

मी लिहिलं, "पाहिलं." पुढचं लिहायला अंगठा उचलला आणि तसाच राहिला. दुसरं कुणी तिथं नव्हतं. दादांना बरं वाटलं असतं. मला तर किती बरं वाटलं असतं. माझ्याच खोलीत कुणीतरी चष्मा वर करून थांबल्यासारखं झालं.

मी ते खोडलं. लिहिलं, "वाटलं: म्हशीची गोष्ट सांगताना त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि चष्मा हलला."

इंजिनिअरसाहेब काहीतरी टाइप करत असल्याचं दिसलं. थांबले. परत टाइप करू लागले. उशी, उतार, घसरण, ते काय म्हणणार ते सगळं मला पाठ होतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच लिहिलं असतं.

त्यांचा मेसेज आला. "सिस्टरना वाटलं की मॅडमनी गोष्ट ऐकली. बरोबर?"

मी लिहिलं, "व्हय."

नियमाप्रमाणे आता खोडायची पाळी त्यांची होती. त्यांनी काहीच लिहिलं नाही.