तिळाएवढी दाढ

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत माझी आत्या निवृत्त होईपर्यंत एकोणीस वर्षं माती निवडत होती. डायनासोरांच्या काळातली ही माती टेकडीवरून पोत्यांनी यायची, चाळणीत धुतली जायची, आणि उरलेली चिमूट चिमूट भिंगाखाली पसरून आत्या ओल्या कुंचल्याच्या टोकाने दात, खवले, हाडांचे तुकडे वेगळे काढायची. "ताई, दात कोरून पोट भरत नाही," असं माझे वडील चिडवायचे. "माझं भरतंय," एवढंच ती म्हणायची.

तिच्यावरच्या मॅडम हुशार, तापट, आणि स्वतःच्या नजरेवर त्यांचा भलताच विश्वास. त्या टेकडीत एखादा सस्तन प्राणी, म्हणजे पिल्लांना दूध पाजणारा, तुमच्याआमच्या गोतातला जीव सापडावा हा त्यांचा ध्यास. बारा वर्षांत उंदराएवढंही काही हाती लागलं नव्हतं. महिनाअखेरीस काम बंद करून उरलेली चाळीस पोती बागेत ओतायचं ठरलं होतं.

अशात आत्याला तिळाएवढा एक दात सापडला. रीतीप्रमाणे तिने टाचणीच्या डोक्यावर मेण लावून तो बसवला. मॅडमनी भिंगातून पाहिला.

"मगरीच्या पिल्लाचा. झिजलाय."

दात मगरींच्या खणात गेला.

आत्याच्या जिवाला चैन पडेना. मेणात बसवलं की मुळं बुडतात, वरून दिसतो तो नुसता माथा. मॅडमनी माथा पाहिला होता. आत्याने बसवण्याआधी मुळं पाहिली होती, आणि ती दोन होती. पण मॅडमना 'तुमचं चुकलं' म्हणून त्या खोलीत आजवर कुणी टिकलं नव्हतं, आणि आत्याला ती खोली जिवापाड आवडायची.

त्याच आठवड्यात तिची दाढ काढली. डॉक्टरांनी ती कापसात गुंडाळून हातावर ठेवली. घरी येऊन आत्याने ती धुतली, उलटी करून पाहिली, आणि सुजल्या गालाने एकटीच हसत बसली.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमच्या टेबलावर कापूस उलगडला.

"हे काय?"

"माझी दाढ. मुळं मोजा."

"दोन. मग?"

"मगरीच्या दाताला किती असतात?"

"एक. तुम्ही मला शिकवताय?"

"मग तुमच्या त्या मगरीचं मेण काढा." गालामुळे शब्द बोबडे येत होते, पण आत्या मागे हटली नाही. "दोन निघाली नाहीत तर उद्यापासून मी येत नाही."

मॅडमचा चेहरा लाल झाला. तरी त्यांनी सुई तापवली, मेण वितळवलं, दात आडवा केला. बराच वेळ भिंगावरून डोळा हलला नाही. मग त्या खुर्ची सोडून उठल्या.

"बसा. तुम्हीच बघा. मला रडू येतंय."

पोती वाचली. सदतिसाव्या पोत्यात जबडाच निघाला, दोन दाढा जागच्या जागी. जगात आजवर कुणीही न पाहिलेला प्राणी ठरला तो. आत्याला आभाळ ठेंगणं झालं, आणि वडिलांनी ती म्हण पुन्हा तोंडातून काढली नाही.

आता पुढच्या दालनात तो तिळाएवढा दात काचेखाली आहे. शेजारी चिठ्ठी: 'तुलनेसाठी, माणसाची खालची दाढ.' निवृत्त झालेली आत्या दर रविवारी तिथे जाऊन उभी राहते. लोक काचेला नाक लावून शोधायला लागले की पुढे होते.

"तो डावीकडचा बारीक. मोठी आहे ना, ती माझी."